स्कोअर तीनच होता!

आमच्या थोरल्या जाऊबाई भाकरी थापायला बसल्या, की घरातली पोरं चुलीपाशी येऊन बसायची. खायला नव्हे, बघायला! परातीत गोळा ठेवला की दोन्ही हात असे काही फिरायचे, की बघता बघता भाकरी परातीएवढी. कड कुठे फाटलेली नाही, मध्ये कुठे जाड नाही, आणि तव्यावर टाकली की टम्म. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा भाकरी मला त्यांनीच शिकवली. माझ्या भाकरीचा अजूनही नकाशा होतो, तो भाग वेगळा.

आता ताई एकट्या उजव्या हातानं थापतात. डावा हात परातीच्या काठावर नुसता टेकवलेला असतो, परात सरकू नये म्हणून. भाकरी एका बाजूला जाड राहते. पोरं मोठी झाली आहेत, काही बोलत नाहीत, निमूट खातात. ताईच म्हणतात, ‘‘खावा रं, आज भाकरीला खेड घाट लागलाय. एका अंगाला चढ हाय!’’

गोष्ट एप्रिल २०२१ची. आमचं मूळ घर जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या एका खेड्यात. थोरले दीर आणि जाऊबाई शेती बघतात. आम्ही दोघं नोकरीमुळे शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, मंचरला. मी शाळेत विज्ञान शिकवते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे घडलं त्यात माझा अडाणीपणा सगळ्यात मोठा होता.

तो महिना आठवला तरी अंगावर काटा येतो. चैत्र म्हणजे आमच्याकडे जत्रांचा महिना. नारायणगावात एरवी या दिवसांत तमाशाच्या राहुट्या पडलेल्या असतात, गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. सलग दुसऱ्या वर्षी तिथे शुकशुकाट होता. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कोविड सेंटर, लेण्याद्रीला कोविड सेंटर, आणि फोन वाजला की पोटात गोळा. आदल्या वर्षी, २०२०च्या मे महिन्यात मुंबईकर मंडळी गावाकडे आली, तेव्हा त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं की नाही यावरून वाद झाले होते. वर्षभरानं वाद घालायलाही कुणात जीव राहिला नव्हता.

त्या दिवसांत एकमेकींना विचारायचा एकच प्रश्न होता, तुम्हालाही आठवत असेल. ‘‘स्कोअर किती आला?’’ छातीचा सिटी स्कॅन काढायचा आणि पंचवीसपैकी आकडा सांगायचा. फुफ्फुसांचे पाच भाग, प्रत्येकाला पाच गुण. दहावीच्या मार्कांसारखंच, फक्त इथे जेवढे कमी तेवढं चांगलं! वीसच्या पुढे कुणाचा असेल तर घरात रडारड, पाचच्या आत असेल तर देवाला नारळ.

ताईंना ताप आला पाडव्यानंतर. पंचेचाळीसच्या पुढच्यांना लस १ एप्रिलपासून सुरू झाली होती, पण ‘‘टोमॅटोचा पहिला तोडा होऊ दे, मग घेऊ’’ असं चाललं होतं. पाच दिवस ताप, अंगदुखी, चव गेलेली. ऑक्सिजन मात्र ९६-९७च्या खाली कधी आला नाही. दिरांनी कुठूनतरी ओळख काढून स्कॅन करून आणला. तीन! पंचवीसपैकी फक्त तीन. मीच फोनवर ओरडले होते, ‘‘ताई, तीनच आहे हो! काही नाही झालं तुम्हाला. आता बिनघोर राहा.’’

ते वाक्य मला आजही टोचतं.

चौदा दिवस मागच्या खोलीत काढून ताई बाहेर आल्या आणि पंधराव्या दिवशी शेतात. मी म्हटलं, ‘‘अहो, थोडं थांबा की.’’ तर म्हणाल्या, ‘‘मला काय धाड भरलीय? माणसं मिळंनात तोडायला, माल लाल होऊन चाललाय.’’ मी तरी कुठे जास्त अडवलं? स्कोअर तीनच होता ना!

चार दिवस त्यांनी क्रेट उचलले. त्या चार दिवसांत तहान फार लागत होती, रात्री तीन-चारदा उठावं लागत होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. ‘उन्हाळाच हाय, तहान लागणारच’ असं वाटलं त्यांना. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी चुलीवरचा तवा उतरवताना डाव्या हातातून सांडशी सुटली. उचलायला गेल्या तर हात हलेना. बोलणं जड झालं. शेजारच्या आजी धावत आल्या आणि त्यांनी एका नजरेत सांगितलं, ‘‘अंगावरून वारं गेलं हिच्या.’’

आजींचं निदान अगदी बरोबर होतं. उपाय मात्र चुकले. तेल गरम करून चोळलं. कुणी कबुतराचं नाव काढलं. रात्र झाली होती, लॉकडाऊन होता, दवाखान्यात जागा नाहीत हे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. ‘‘सकाळपर्यंत बघू,’’ असं ठरलं. मला फोन सकाळी साडेसहाला आला.

लकवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून आला असेल, तर ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा पंधरा तास होऊन गेले होते. रक्तातली साखर निघाली ३४२. ताईंना साखर आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती कधी तपासलीच नव्हती.

तिथे एक तरुण डॉक्टर होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आवाज बसलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘कोविड होऊन किती दिवस झाले?’’ मी जवळजवळ भांडायलाच उठले. ‘‘अहो, पण यांचा स्कोअर तीनच होता!’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘तो फुफ्फुसाचा होता. मेंदूचा काढला होता का कुणी?’’

शाळेत मी ‘श्वसन’ आणि ‘रक्ताभिसरण’ असे दोन धडे वेगवेगळे शिकवते. एकाचं उत्तर दुसऱ्यात लिहिलं तर मार्क कापते. पण शरीराला हे धडे ठाऊक नसतात. फुफ्फुसातले हवेचे इवलेसे फुगे आणि त्यांना लगटून जाणाऱ्या केशवाहिन्या यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा, कुठे कुठे त्याहूनही पातळ. श्वासाबरोबर आत आलेलं जे फुफ्फुसात ठाण मांडून बसतं, त्याच्या आणि रक्ताच्या मध्ये एवढंच काय ते अंतर.

करोनाच्या विषाणूला पेशीत शिरायला एक कडी लागते. एसीई-टू नावाचं ते प्रथिन. रक्तदाब ताळ्यावर ठेवण्याच्या कामात त्याचा वाटा असतो, म्हणजे ते शरीरानं काही विषाणूसाठी ठेवलेलं नाही! पण ही कडी नाकात आहे, फुफ्फुसात आहे, तशीच आतड्यात आहे, मूत्रपिंडात आहे, हृदयात आहे. म्हणून कुणाला जुलाब झाले, कुणाच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली.

विषाणू स्वतः प्रत्येक अवयवात जातोच असं नाही. जास्त नुकसान बहुधा दुसऱ्या वाटेनं होतं. रक्तवाहिन्यांना आतून एक अस्तर असतं. आपल्या ब्लाऊजला असतं तसंच, पण पेशींच्या एकाच थराचं. हे अस्तर गुळगुळीत आहे तोवर रक्त सुरळीत वाहतं. विषाणूमुळे आणि त्याच्याशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीच्या दंग्यामुळे हे अस्तर उसवतं, आणि रक्ताला वाटतं, जखम झाली, गोठायला हवं. मग नको तिथे बारीक बारीक गुठळ्या. कधी पायात, कधी हृदयाच्या वाहिनीत, कधी मेंदूत. डी-डायमर नावाची तपासणी त्या वर्षी घरोघरी ऐकू यायची, ती याच गुठळ्यांचा माग काढायला.

दिरांना हे समजावताना माझी दमछाक झाली, आणि मग एकदम त्यांनीच मला समजावलं. म्हणाले, ‘‘म्हंजी ठिबकसारखंच की! मोटार चालू, टाकी भरल्याली, आन् शेवटच्या वळीतलं झाड वाळतंय. का? तर नळीत क्षार बसल्यात.’’ इतक्या वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकात मला एवढं नेमकं उदाहरण मिळालं नव्हतं. स्कॅनमध्ये आम्ही फक्त मोटार तपासली होती.

आता प्रामाणिकपणे सांगायचं, तर ताईंचा लकवा कोविडमुळेच झाला असं त्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. वय ५४, न तपासलेली साखर, थोडा वाढलेला रक्तदाब, हे सगळं होतंच. एका माणसाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. पण मोठ्या संख्येनं पाहिलं की चित्र दिसतं. स्वीडनमध्ये कोविड झालेल्या सुमारे ८७ हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, २०२१मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या आल्या. आजारानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका आणि गुठळीमुळे येणारा लकवा, या दोन्हींचा धोका एरवीच्या सुमारे तिप्पट होता. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही तो पूर्ण ओसरला नव्हता. तिप्पट म्हणजे घरटी एक असं नव्हे हं! मुळात धोका लहान असतो, त्याच्या तिप्पट. घाबरून जाऊ नका, पण ताईंचा एकोणिसावा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

अमेरिकेत सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०२२मध्ये असंच एक काम प्रसिद्ध झालं. दीड लाखाहून जास्त रुग्ण, वर्षभर पाठपुरावा. हृदयाचे ठोके अनियमित होणं, हृदयाचा पंप कमजोर पडणं, लकवा, सगळंच वाढलेलं, आणि हे जे दवाखान्यात भरती न होता घरीच बरे झाले त्यांच्यातही. त्याच गटानं नव्यानं मधुमेह होण्याचा धोका पाहिला, तो सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाला. फक्त एक गोष्ट वाचताना खटकली. हे बहुतेक सगळे पुरुष! टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्या, हिमोग्लोबिन आठ-नऊवर असलेल्या बाईचं काय होतं, याच्या एवढ्या मोठ्या वह्या कुणी ठेवल्या आहेत?

ताईंची साखर कुठून आली, त्याचाही उलगडा नीट झाला नाही. आधीपासून असेल. आजारानं वाढवली असेल. की गोळ्यांनी? तापाच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी दिलेल्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या. त्यात स्टेरॉइड होतं की नाही कोण जाणे, कागद हरवला. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडनं ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचतात, हे ब्रिटनमधल्या चाचणीत जून २०२०मध्येच दिसलं होतं. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता, आणि हा अर्धा भाग आपल्याकडे फार लोकांनी ऐकलाच नाही. स्टेरॉइडनं साखर चढते, प्रतिकारशक्ती दबते. २०२१च्या मे महिन्यात काळ्या बुरशीनं लोकांचे डोळे, जबडे गेले. त्यात मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेले मोठ्या संख्येनं होते. म्हणून आता आमच्या घरात नियम आहे. पुडीतली गोळी नाही. नाव लिहून दिलं तरच घ्यायची, आणि कागद देवघराच्या फडताळात.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या कामानं मी घोडेगावच्या पलीकडे, डिंभ्याच्या वरच्या अंगाला गेले होते. तिथे एका आशाताईंशी गप्पा झाल्या. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन त्या वाडी-वाडी पायी फिरल्या होत्या. त्यांनी एका तरुण बाईची हकिकत सांगितली. ताप येऊन गेला, दोन-चार दिवसांत बरीही झाली. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायला डोंगरावर निघाली, तर निम्म्या चढावरच खाली बसली. धाप. घरचे म्हणाले, कामचुकार झालीय. सासू म्हणाली, नजर लागलीय. पायाला सूज यायला लागली तेव्हा आशाताईंनी तिला हट्टानं तालुक्याला नेलं. पुढे सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी होते ती केली, तेव्हा कळलं की हृदयाचा स्नायूच सुजून पंप कमजोर झाला आहे. छाती साफ होती! गोळ्या सुरू झाल्या, सहा-सात महिन्यांत ती सुधारली. सगळ्यांचंच असं सुधारत नाही.

आशाताई म्हणाल्या, ‘‘बाई, बापयाला धाप लागली तर गाडी काढत्यात. बाईला लागली तर म्हनत्यात, हिचं नेहमीचंच हाय.’’

मैत्रिणींनो, हे ऐकून मला माझीच लाज वाटली. कारण मलाही २०२२च्या जानेवारीत कोविड झाला होता. साधा, तीन दिवसांचा. त्यानंतर कित्येक महिने जिना चढलं की छातीत धडधड व्हायची, वर्गात फळ्यापाशी उभी असताना साधा शब्द आठवायचा नाही. ‘पर्णहरित’ हा शब्द मी हजार वेळा लिहिला असेल, त्या दिवशी तो सापडेना. मुलं बघत होती. मी ‘‘वय झालं रे’’ म्हणून वेळ मारून नेली. कुणाला सांगितलं नाही. पाळी दोन-तीन महिने पुढे-मागे झाली, तेही ‘आता जायची वेळच आली’ म्हणून सोडून दिलं. केस मात्र गळले ते सगळ्यांना दिसले! त्यावर तेलं सुचवली गेली, व्हॉट्सअॅपवर कांद्याच्या रसाचे नुस्खे आले. ते केस दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. धडधड कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी तेल नाही.

कोविडनंतर महिनोन् महिने रेंगाळणारे त्रास पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतात, हे देशोदेशी दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१मध्ये या रेंगाळणाऱ्या दुखण्याची रीतसर व्याख्याही केली. ब्रिटनमध्ये योगायोगानं काही लोकांचे मेंदूचे स्कॅन साथीच्या आधीच काढून ठेवलेले होते. त्यांतल्या ७८५ जणांचे पुन्हा काढले, निम्म्याहून थोड्या जास्त जणांना मधल्या काळात कोविड होऊन गेला होता. ज्यांना झाला होता त्यांच्या मेंदूत, विशेषतः वासाशी निगडित भागात, थोडी जास्त झीज दिसली. त्यातले बहुतेक जण दवाखान्यात गेलेलेही नव्हते. म्हणजे ते ‘पर्णहरित’ हरवणं हा अगदीच मनाचा खेळ नसावा. डॉक्टरांनी माझा ईसीजी काढला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, दमानं घ्यायला सांगितलं. आता बरी आहे मी.

तुम्ही म्हणाल, करोना गेला, आता कशाला जुन्या गोष्टी? जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ला उठली, खरं आहे. पण हा स्वभाव एकट्या करोनाचा नाही. ऑगस्ट २००९ आठवा. पुण्यातली एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूनं गेली, देशातला तो पहिला मृत्यू होता. त्या दिवसांत पेपरात ‘अनेक अवयव निकामी’ हे शब्द पहिल्यांदा मी नीट वाचले आणि विचारात पडले, की फ्लू तर सर्दी-खोकल्याचा ना? कॅनडात २०१८मध्ये साध्या फ्लूबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू निघाल्यावरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट होता. सहापट! म्हातारी माणसं ‘तापातून उठले आणि गेले’ म्हणून आपण ऐकत आलो, त्यातल्या काहींचा हिशेब इथे लागत असेल.

आणि आपल्या आज्यांना हे थोडंफार ठाऊकच होतं की! मुलाला गालगुंड झाले की त्या म्हणायच्या, ‘‘नाचू देऊ नका, खाली उतरतील.’’ गालगुंडाचा विषाणू श्वासावाटेच पसरतो, आणि वयात आलेल्या मुलांमध्ये खरोखरच वृषणाला सूज आणू शकतो. रुबेलाही तसाच. आईला साधं पुरळ आणि बारीक ताप, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय अधू. २०१८च्या अखेरीस आमच्या शाळेत गोवर-रुबेला लशीची मोहीम आली, तेव्हा नको म्हणणाऱ्या आयांना मी हेच सांगून तयार केलं होतं. दुसऱ्यांना सांगताना मला सगळं येत होतं!

तर आता मी काय करते, ते सांगते. डॉक्टर नाही मी, पण त्या रात्रीनंतर शिकले. ताप उतरला म्हणजे आजार संपला असं धरत नाही. चाळिशीच्या पुढच्या कुणालाही मोठा फ्लू किंवा कोविड झाला, की निदान दोन आठवडे जड काम नाही, मग कांदे काढणी असो की द्राक्षांची छाटणी. मजुरीवर पोट असलेल्या बाईला हे सांगणं सोपं नाही, कळतं मला. पण क्रेट नाही उचलले, तरी खाली बसून प्रतवारी करता येते. महिन्याभरात एकदा साखर, रक्तदाब आणि लघवीची तपासणी. लघवीची अगदी साधी, पण प्रथिनं जातात का ते त्यात कळतं. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात, त्या खराब होताना दुखत नाही, म्हणून बघावं लागतं. एकाच पायाला सूज आणि पोटरीत कळ असेल तर तेल लावून चोळायचं नाही, दवाखाना गाठायचा. चढावर नव्यानं धाप लागायला लागली, उशी उंच घेतल्याशिवाय झोप येईना झाली, तर ‘छाती साफ आहे’ एवढ्यावर परत यायचं नाही, हृदयाचं विचारायचं. तोंड वाकडं झालं, एक हात गळला, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघून वेळ लिहायची आणि १०८ला फोन. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते. घरात साखरवाली, हृदयवाली, गरोदर किंवा साठीच्या पुढची बाई असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. आमच्याकडे दोघी घेतो, आणि आता तोडा होईपर्यंत थांबत नाही.

ताईंचा हात पाऊण झाला असं त्या म्हणतात. फिजिओथेरपीच्या बाईंनी मऊ चेंडू दाबायला सांगितला होता. तो दोन दिवसांत नातवानं पळवला. मग ताईंनी कणकेचा गोळा घेतला. रोज संध्याकाळी ओट्याशी उभ्या राहून डाव्या हातानं दाबत बसतात, आणि तोच गोळा रात्री पोळ्यांत जातो. साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे. लाल झालेला माल बघून जीव वरखाली होतो, पण क्रेटला हात लावत नाहीत.

गेल्या थंडीत मला फ्लू झाला. चार दिवस चांगला झोडपून काढला त्यानं. पाचव्या दिवशी ताप उतरला, शाळेत वार्षिक स्नेहसंमेलन होतं, मी साडी नेसून तयार. तेवढ्यात ताईंचा फोन.

‘‘कुठं निघालीस?’’

‘‘शाळेत. बरी आहे हो मी आता. साधा फ्लू होता, छाती अगदी साफ आहे.’’

‘‘छातीचं मी इचारलंच न्हाई,’’ ताई म्हणाल्या. ‘‘लघवी तपासली? साखर बघितली? जिना चढून बघितलास?’’

मी गप्प.

‘‘साडी सोड आन् पड गुमान. मी येते दुपारच्या एसटीनं.’’

आल्या. पिशवीत फडक्यात बांधलेल्या सहा भाकऱ्या, एका बाजूला जाड, आणि मिरचीचा ठेचा. पंधरा दिवस हलल्या नाहीत माझ्या घरातून.